राष्ट्रगीतातला सिंध

मंडळी, राष्ट्रगीताची समीक्षा म्हटलं की लोक जरा बिचकतात. उभं राहून म्हणायची गोष्ट, ती बसून तपासायची कशी? पण कविता म्हणून ती वाचलीच नाही, तर अर्थ तरी कसा लागणार? आज मी एकाच शब्दापाशी थांबणार आहे. सिंध.

2005 साली सर्वोच्च न्यायालयाने एक याचिका फेटाळली. मागणी अशी होती की सिंध आता पाकिस्तानात आहे, तेव्हा हा शब्द गीतातून काढावा. निकाल योग्यच झाला. पण या मागणीमागचं गृहीतक पाहण्यासारखं आहे: राष्ट्रगीत म्हणजे नकाशा, नकाशा बदलला की गीतही बदला.

आता बघा, हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं 27 डिसेंबर 1911 रोजी, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. त्या दिवशी सिंध नावाचा प्रांत होता का? नव्हता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे आपल्याच घरात! वेगळा झाला 1936 मध्ये. गुजरात, मराठा, द्राविड या नावांचेही प्रांत नव्हते. उत्कल बंगालला जोडलेला. आणि बंगाल? तो 1905 मध्ये तोडलेला, आणि ती फाळणी रद्द होणार ही घोषणा होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. सात नावांपैकी पंजाब सोडला, तर एकही नाव त्या वेळच्या नकाशाशी नीट जुळत नाही. रवींद्रनाथ प्रांत मोजत नव्हते, माणसांची नावं घेत होते. (‘मराठा’ हा शब्द आज आपल्या कानाला आधी जातीचा वाटतो, हा आपल्या कानांचा इतिहास.)

24 जानेवारी 1950 ला घटना समितीत राजेंद्रप्रसादांनी हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं, तेव्हा सिंध जाऊन अडीच वर्षं झाली होती. शब्दांत फेरफार करण्याची मुभा त्याच निवेदनात सरकारला ठेवली होती. तरी शब्द राहिला.

माझे एक जुने सहकारी कराचीत जन्मलेले, वाढले उल्हासनगरच्या कॅम्पात. शाळेत ते ओळीत उभे राहायचे ते या एका शब्दाची वाट बघत, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. घर गेलं, शेजार गेला, गावाचा पत्ता गेला. पण रोज सकाळी सगळा वर्ग त्यांच्या मुलखाचं नाव घ्यायचा. तो शब्द खोडला असता, तर जमीन एक इंचही इकडची तिकडे झाली नसती. फक्त हे गृहस्थ गीताबाहेर गेले असते.

पण इथे माझाच युक्तिवाद मला अडचणीत आणतो. नावं माणसांची असतील, तर ज्यांचं नाव नाही त्यांचं काय? 2018 मध्ये राज्यसभेत आसामच्या एका खासदारांनी सिंध काढून ईशान्य भारताचा उल्लेख घालावा, असा ठराव मांडला. ही तक्रार मला 2005 च्या याचिकेपेक्षा पुष्कळ खरी वाटते. ‘अहो, ही काही यादी नव्हे’ असं त्यांना सांगणं सोपं आहे. मराठा म्हणून माझं नाव त्यात आहे, म्हणून मला ते सोपं आहे. उपाय मात्र पटत नाही. एक तर तो सिंधच्या जागेवर मागितला. आणि ‘ईशान्य’ ही दिशा झाली, दिल्लीत उभं राहून दाखवलेली. तिथला माणूस स्वतःला ईशान्य म्हणत नाही. तो असमिया म्हणतो, खासी म्हणतो, मिझो म्हणतो.

असो. वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ.