लेकीपाशी थांबणारे कुलवृत्तांत

कुलवृत्तांत घरात आला की प्रत्येक जण आधी आपले नाव शोधतो आणि ते सापडले की ग्रंथ कपाटात जातो. घरच्यांनी घरच्यांसाठी केलेले काम, अशीच त्याची ओळख राहिली आणि त्याची गंभीर समीक्षा मराठीत फारशी झाली नाही. शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटर्सन यांनी मात्र चित्पावन घराण्यांचे हेच छापील वृत्तांत समाजरचनेचे साधन म्हणून वाचले. त्यावरचा त्यांचा निबंध मिल्टन सिंगर व बर्नार्ड कोन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात १९६८ साली आला. कोकणातून घाटावर कोण कधी गेले, कोणत्या पिढीत इंग्रजी शिक्षण शिरले, कोण वकील झाले आणि कोण भिक्षुकीतच राहिले, हे इतक्या बारकाईने सांगणारी दुसरी साधने थोडीच आहेत.

पिढ्या मांडण्याची रीत आपल्याकडे जुनी. वतनाचा तंटा उभा राहिला की वंशावळ काढावी लागे; कैफियती, करीने, महजर त्या गरजेतूनही लिहिले गेले. जेधे देशमुखांचा करीना शिवकाळाच्या अभ्यासकाला आजही लागतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये यजमानांची नावे वह्यांत उतरवून ठेवत आले, तर दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन कुळाची वंशावळ सांगत आले. विसाव्या शतकातल्या कुलवृत्तांताने यात मोलाची भर घातली. ज्याला वतन नव्हते, ज्याच्या हातून पराक्रम घडला नाही, अशा माणसालाही त्याने चार ओळी दिल्या. पोस्टातला कारकून, तालुक्याच्या शाळेतला मास्तर, प्लेगात गेलेला पोरगा यांना दुसऱ्या कोणत्या इतिहासाने जागा दिली असती? कुलवृत्तांताचा जीव तक्त्यात नसतो, या नोंदींत असतो.

जुन्या संपादकांची मेहनत पाहिली की आदर वाटतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल, त्यामुळे रामचंद्र बाळकृष्ण आणि बाळकृष्ण रामचंद्र पिढ्यान्पिढ्या आलटून पालटून येतात. श्राद्धामुळे घराला तिथी पाठ असते, साल कोणालाच सांगता येत नाही. अशा गुंत्यातून त्यांनी शाखा वेगळ्या केल्या, दत्तक कोण गेले आणि कोण आले हे चोख लिहिले, पहिला संबंध व दुसरा संबंध यांतली मुले निराळी दाखवली. त्यांच्या आरंभीच्या प्रकरणांतल्या परशुरामाच्या कथा आज कोणी इतिहास म्हणून वाचू नयेत. नोंदींवर मात्र भरवसा ठेवता येतो.

अलीकडच्या ग्रंथांत नेमकी ही नोंदच सुकत चालली आहे. कागद गुळगुळीत, छायाचित्रे रंगीत, आणि माणसाविषयी उरते ते पदवी, कंपनी, शहर. माहितीपत्रक भरून घ्यायचे आणि कुलसंमेलनाच्या तारखेआधी छापायचे, अशा घाईत पत्रकात नसलेले प्रश्न विचारलेच जात नाहीत. जमीन का विकली? घर सोडून गेलेल्या काकांचे पुढे काय झाले? विधवा झालेल्या बाईने मुले कशावर वाढवली? उत्तरे अवघड असतील, पण ती सांगणारी म्हातारी माणसे आज हयात आहेत. शिवाय एखादी गोष्ट संपादकाला कुठून कळली, कागदातून की कोणाच्या आठवणीतून, हे नोंदीत क्वचितच दिसते. त्यामुळे पुढच्या संशोधकाला सगळे पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते.

या ग्रंथप्रकारातली सर्वांत मोठी उणीव लेकीची आहे. सुनेचे माहेर नोंदवले जाते, ही मोलाची गोष्ट. त्यावरून घराण्याचे सोयरसंबंध उलगडतात. लेकीचा मात्र जावयाच्या आडनावाशी शेवट होतो. तिची मुले या कुळाची नव्हेत, एवढे कारण पुरते. खुद्द श्राद्धविधीत मातामह आणि त्यांच्या मागच्या दोन पिढ्यांचे स्मरण असते. म्हणजे जी रीत कुलवृत्तांत जपू पाहतो तीसुद्धा आईच्या घराला त्याच्याइतकी विसरत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशभर ती २००५ मध्ये झाली. त्यानंतर छापलेल्या वृत्तांतांनी तरी तिची शाखा पुढे चालवायला हवी होती. पाने वाढतील ही अडचण खरी, पण प्रौढीची आरंभीची प्रकरणे आटोपशीर केली तर जागा निघेल.

आणि कुलवृत्तांताचे हे लेखन फक्त मोजक्या पांढरपेशा जातींपुरते का राहावे? जातपडताळणीसाठी वंशावळ लागतेच. २०२३ पासून कुणबी दाखल्यासाठी नोंदींच्या शोधात गावोगाव जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. ज्या शेतकरी घरांत वंशावळीचा कागद कधी नव्हता, तिथे पणजोबांचे नाव पहिल्यांदाच लेखी सापडले. दाखला मिळाला की ती फाईल बांधून ठेवली जाते. गाव नमुना चौदामध्ये मुलींच्या जन्माचीही नोंद असते, पण दाखल्याचा शोध बापाच्या बाजूने वर चढत जातो आणि त्या नोंदींकडे लक्ष जात नाही. ज्यांनी ही कागदपत्रे गोळा केली आहेत, त्यांनी तालुक्याच्या गावी बसून एखाद्या घराण्याचा वृत्तांत आता लिहायला घ्यावा, आणि त्यात आत्या-बहिणींची घरेही पहिल्या खर्ड्यापासून घ्यावीत.