वैद्य आणि संशोधक : एका संयुक्त अभ्यासक्रमाची रचना

अमेरिकेतील एम्. डी. ही भारतातील एम्. डी.प्रमाणे उच्च पदवी नव्हे. महाविद्यालयातील चार वर्षांची पदवी घेऊन विद्यार्थी वैद्यकशाळेत येतो आणि आणखी चार वर्षांनी एम्. डी. होतो; तिची तुलना एम्. बी. बी. एस्.शीच करावयास हवी. हा खुलासा आरंभीच अवश्य आहे, कारण एम्. डी. व पीएच्. डी. या दोन पदव्या एकत्र देणाऱ्या तेथील अभ्यासक्रमाविषयी मराठी वाचकाचा गैरसमज होतो तो येथेच. अनुभवी तज्ज्ञाला संशोधनाची दीक्षा देण्याची ही योजना नाही. अद्याप वैद्य न झालेल्या विद्यार्थ्याला वैद्य आणि संशोधक असे दोन्ही घडविण्याची ती योजना आहे, आणि तिचे गुण व दोष दोन्ही बव्हंशी या एकाच गोष्टीतून उद्भवतात.

क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ मध्ये या प्रकारच्या शिक्षणास आरंभ केला. १९६४ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनी सरकारी अनुदानाची योजना आखून अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालय, न्यू यॉर्क विद्यापीठ व नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांची प्रथम निवड केली. आज अशा अनुदानित केंद्रांची संख्या पन्नासाहून अधिक आहे. योजनेचा एक गुण निर्विवाद मानावा लागतो. विद्यार्थ्याचे शुल्क माफ होते आणि निर्वाहवेतनही मिळते. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षण किती खर्चिक आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सवलतीचे मोल सांगावयास नको. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेला तरुण वैद्य प्रयोगशाळेकडे न वळता किफायतशीर व्यवसायाकडे वळला, तर त्यास दोष देता येत नाही.

आता रचना पाहू. रूढ साचा 'दोन-चार-दोन' असा आहे. पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र आदी विषय वर्गात शिकविले जातात. त्यानंतर विद्यार्थी वैद्यकशाळा सोडून विद्यापीठाच्या एखाद्या विज्ञानविभागात जातो, मार्गदर्शक निवडतो आणि सुमारे चार वर्षांत प्रबंध पुरा करतो. प्रयोग यशस्वी न झाल्यास हा काळ वाढतो. मग तो परत येतो, आणि शेवटची दोन वर्षे रुग्णालयात शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग इत्यादी विभागांत फिरून वैद्यकाचे प्रत्यक्ष शिक्षण घेतो. एकूण सुमारे आठ वर्षे, कधी नऊही.

या क्रमात एक विसंगती आहे आणि ती किरकोळ नाही. प्रबंधाचा विषय ठरतो त्या वेळी विद्यार्थ्याने रोगी जवळजवळ पाहिलेलाच नसतो. वैद्याने संशोधक व्हावे असे ज्या कारणासाठी म्हणतात ते कारण म्हणजे रुग्णशय्येजवळ सुचणारा प्रश्न. पण येथे उत्तर शोधण्याची वर्षे आधी येतात आणि प्रश्न सुचण्याची नंतर. दोन शिक्षणे एकमेकांत विणली गेली नाहीत. एकाच्या पोटात दुसरे ठेवून दिले आहे. शिवण कोठे उसवते हेही दिसून येते. चार वर्षे सूक्ष्मदर्शकापाशी घालविलेला विद्यार्थी वॉर्डात येतो तेव्हा त्याचे जुने सहाध्यायी निवासी वैद्य झालेले असतात आणि रोग्याची छाती तपासण्याचा धडा त्याला नव्याने गिरवावा लागतो. परवान्याच्या परीक्षांचे सर्व टप्पे सात वर्षांत संपवावेत असा नियम अनेक राज्यांनी केला होता. संयुक्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यास मुरड घालावी लागली, यावरूनही हा विद्यार्थी रूढ चौकटीत किती अवघडून बसतो ते कळते.

उलट क्रमाचे उदाहरण याच देशात घडले आहे. जोसेफ गोल्डस्टीन व मायकेल ब्राऊन हे दोघे केवळ एम्. डी.; पीएच्. डी. एकानेही केली नाही. बॉस्टनच्या रुग्णालयात प्रशिक्षण घेऊन १९६८ मध्ये दोघे राष्ट्रीय आरोग्यसंस्थांत दाखल झाले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात लष्करी सेवेऐवजी तेथे काम करण्याची मुभा तरुण वैद्यांना होती, आणि युद्धाने विज्ञानाला लावलेला हा अनपेक्षित हातभार म्हणावा लागेल. गोल्डस्टीन यांनी तेथे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलचे रोगी पाहिले. पुढे डॅलसमध्ये दोघांनी अशा रोग्यांच्या त्वचेतील पेशी वाढवून, कोलेस्टेरॉल वाहणारे कण पेशीत घेणाऱ्या ग्राहकाचा शोध लावला आणि १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. येथे प्रश्न रोग्याने विचारला होता. प्रयोगशाळा नंतर आली.

तथापि एवढ्यावरून संयुक्त अभ्यासक्रम निष्फळ ठरविणे घाईचे होईल. ड्रू वाइसमन यांनी १९८७ मध्ये बॉस्टन विद्यापीठातून दोन्ही पदव्या घेतल्या, पीएच्. डी.चे क्षेत्र प्रतिकारशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र हे होते. आरएनएवर आधारलेल्या लसींचा पाया घालणारे कार्य त्यांनी पुष्कळ नंतर, वैद्य नसलेल्या जीवरसायनतज्ज्ञ कातालिन कारिको यांच्यासह केले. त्यांचा महत्त्वाचा निबंध २००५ चा आहे आणि पारितोषिक २०२३ चे. प्रबंधाने त्यांना आयुष्याचा प्रश्न दिला नसेल, पण प्रतिकारशास्त्राची भाषा दिली, आणि ती तरुणपणीच उत्तम शिकता येते. योजनेच्या समर्थकांचा खरा युक्तिवाद हाच असावयास हवा. वेळेची बचत होते हा त्यांचा नेहमीचा मुद्दा त्या मानाने दुबळा आहे.

क्रम बदलणे अशक्य नाही. ड्यूक विद्यापीठात मूलभूत विषय एका वर्षात आटोपून दुसऱ्या वर्षीच विद्यार्थ्याला रुग्णालयात पाठवितात. संयुक्त पदवीचा विद्यार्थी रोगी पाहून मग प्रबंधास हात घालतो. अलीकडे अन्य काही विद्यापीठेही वर्गातील काळ कमी करून या दिशेने वळली आहेत. आश्चर्य वाटते ते याचे, की इतकी साधी दुरुस्ती सर्वत्र होण्यास इतका काळ लागावा.

त्याहून कठीण भाग पदवीनंतरचा. आठ वर्षांनंतर निवासी प्रशिक्षणाची तीन ते सात वर्षे येतात, आणि या काळात प्रयोगशाळेतील हात थंड पडतो. पद्धती बदलतात, मार्गदर्शकाशी असलेला संबंध विरळ होतो. परिणामी दोन्ही पदव्या असलेल्या संशोधकाला आरोग्यसंस्थांचे पहिले मोठे स्वतंत्र अनुदान मिळते तेव्हा त्याचे वय सरासरीने चव्वेचाळीसच्या आसपास असते. अंतर्वैद्यकाच्या प्रमाणन मंडळाने यावर एक वाट काढली आहे : निवासी प्रशिक्षण तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचे, आणि त्यास जोडून संशोधनाची तीन वर्षे. येथे प्रथमच रोगी आधी येतो आणि प्रयोगशाळा नंतर. मात्र तोवर विद्यार्थ्याचा प्रबंध लिहून कित्येक वर्षे झालेली असतात.