नियंत्रण कशासाठी?
जैव रेणूंच्या विलगीकरणातील कलमी बहुवारिकांसंबंधी काही विचार

एखादी पद्धत हाती नीट बसली, की तिच्या कौतुकात तिचे प्रयोजन मागे पडण्याचा संभव असतो. नियंत्रित बहुवारिकीकरणाने प्रथिनांच्या विलगीकरणासाठी जी द्रव्ये तयार केली जातात, त्यांविषयीचे संशोधन वाचताना ही शंका वारंवार मनात येते. या संशोधनाची योग्यता नाकारण्याचा येथे हेतू नाही. ते आपले यश ज्या कसोटीवर मोजते ती कसोटी योग्य आहे काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा आहे. आणि तोही जुन्नर तालुक्यातील बेल्ह्यासारख्या गावी खरोखर लागणाऱ्या एका औषधाच्या संदर्भात.

प्रथम या विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. १९५६ मध्ये पीटरसन व सोबर यांनी सेल्युलोजवर विद्युतभारित गट जोडून प्रथिनांसाठी आयन-विनिमयक सिद्ध केले. १९५९ मध्ये पोराथ व फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रानच्या जाळीदार कणांतून रेणूंची आकारानुसार वर्गवारी करून दाखविली. १९५६ या वर्षीच श्वार्त्स यांनी ‘जिवंत’ बहुवारिकांची कल्पना मांडली. सर्व शृंखला एकाच वेळी सुरू व्हाव्यात, सारख्या वाढाव्यात आणि अकाली खुंटू नयेत, हे त्या कल्पनेचे सार होय. परंतु श्वार्त्स यांच्या पद्धतीस पाण्याचा लवलेश चालत नसे, आणि प्रथिनांस तर पाणीप्रिय शृंखलाच मानवतात. त्यामुळे हे दोन प्रवाह जवळजवळ चार दशके वेगळे वाहत राहिले. १९९५ मध्ये मातियाशेव्हस्की व वांग यांनी अमेरिकेत आणि सावामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये धातूच्या संयुगांच्या साहाय्याने मुक्तमूलक विक्रिया काबूत आणली. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी गंधकयुक्त संयुगांच्या साहाय्याने तेच साधले. १९९७ मध्येच हुआंग व वर्थ यांनी सच्छिद्र सिलिकेच्या पृष्ठभागावरून पॉलिॲक्रिलमाइडच्या शृंखला वाढवून या पद्धतीचा विलगीकरणाशी संबंध जोडला होता.

या संबंधापासून झालेला लाभ खरा आहे. ज्या रंध्रातून प्रथिन आत जावयाचे ते काही दशांश नॅनोमीटरांचे नव्हे, काही दहा नॅनोमीटरांचे असते. तरीही अनियंत्रित वाढलेली एखादी लांब शृंखला त्याचे तोंड बुजवू शकते, तर शेजारची भिंत उघडीच राहते. नियंत्रित वाढीत शृंखलांची लांबी आणि दाटी ठरविता येते, एका खंडावर दुसऱ्या गुणधर्माचा खंड चढविता येतो, आणि शृंखलेच्या टोकाशी हवा तो गट ठेवता येतो. सपाट भिंतीवर प्रथिनाचा एकच थर बसतो. कलमी शृंखलांच्या दाट झुबक्यात अनेक थरांइतके प्रथिन मावते. ग्रहणक्षमतेतील ही वाढ पुष्कळ शोधनिबंधांत समाधानकारकपणे दाखविलेली आहे.

आक्षेप यापुढे सुरू होतो. साध्या मुक्तमूलक बहुवारिकात रेणुभाराचा प्रसार दर्शविणारा अंक १·५ ते २ किंवा त्याहून अधिक असतो. नियंत्रित बहुवारिकात तो १·१ ते १·३ पर्यंत उतरतो. हा अंक रसायनज्ञाच्या अभिमानाचा विषय आहे. पण रंध्रात शिरणाऱ्या अल्ब्युमिनच्या रेणूस त्याचे काय? त्याच्या दृष्टीने शृंखलांची दाटी, सरासरी लांबी आणि रंध्राची रुंदी यांना महत्त्व आहे. पद्धत बदलली की या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात, आणि सुधारणेचे श्रेय मात्र ‘नियंत्रणास’ दिले जाते. तोच आधार, तीच दाटी व तीच सरासरी लांबी राखून दोन्ही पद्धतींची तुलना केल्याचे क्वचितच आढळते. उलट १९९० मध्ये म्युलर यांनी वर्णिलेले शुंडाकार शृंखलांचे आयन-विनिमयक सीरियमच्या साहाय्याने, म्हणजे आजच्या अर्थाने अनियंत्रित रीतीने, कलम केलेले होते. आणि ते उद्योगात स्थिरावले. हे उदाहरण नियंत्रणाच्या पुरस्कर्त्यांनी दृष्टिआड करू नये.

दुसरा आक्षेप मिश्रणासंबंधी आहे. स्वच्छ बफर विद्रावात विरघळविलेले लायसोझाइम किंवा अल्ब्युमिन हे प्रयोगास सोयीचे असते; परंतु त्यात विलगीकरणाची अडचण जवळजवळ नसतेच. या दृष्टीने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील वैद्य, लेले, कुलकर्णी व माशेलकर यांचे २००१ मधील काम आवर्जून पाहण्यासारखे आहे. तापमानानुसार विद्राव्यता बदलणाऱ्या सहबहुवारिकांनी त्यांनी लायसोझाइम वेगळे काढले ते अंड्याच्या पांढऱ्या भागातून, म्हणजे निसर्गतःच मिसळलेल्या द्रव्यातून. आणि तेथे प्रथिन धरणाऱ्या बहुवारिकाच्या वर्तनावर ताबा तापमानाचा होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आता बेल्ह्याकडे वळू. सोमवारच्या बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या परिसरात शेतात काम करणाऱ्यास घोणस चावली, तर त्याचा जीव प्रतिविषावर अवलंबून असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षास सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले असा अंदाज आहे. प्रतिविष तयार करणारा ‘प्रीमियम सीरम्स अँड व्हॅक्सिन्स’ हा कारखाना याच तालुक्यात, नारायणगाव येथे आहे. म्हणजे आपल्या विषयाचे एक खरेखुरे मिश्रण, घोड्याचे रक्तद्रव, बेल्ह्याच्या पंचक्रोशीपासून फार दूर नाही.

भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांवर चालते. त्याच्या १ मिलिलिटराने घोणशीचे ०·६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे असे मानक आहे. १० मिलिलिटरांच्या १० कुप्या दिल्या, तर हिशेबाने ६० मिलिग्रॅम विषाचा बंदोबस्त होतो. या १०० मिलिलिटरांत रुग्णाच्या शरीरात घोड्याचे जे प्रथिन जाते, त्यातील अल्पच भाग विषाशी बांधला जाणारा असतो; उरलेले प्रतिपिंड घोड्याने आयुष्यात इतर कारणांनी तयार केलेले असतात. अमोनियम सल्फेट किंवा कॅप्रिलिक अम्ल यांनी होणारे अवक्षेपण आणि पेप्सिनने होणारे विघटन या प्रचलित रीती अल्ब्युमिनास प्रतिपिंडापासून वेगळे करतात. उपयुक्त प्रतिपिंडास निरुपयोगी प्रतिपिंडापासून त्या वेगळे करू शकत नाहीत. प्रतिविषाच्या तीव्र प्रतिक्रियांचे एक कारण या अनावश्यक प्रथिनात आहे.

विषच आधारद्रव्यावर बांधून त्यास चिकटणारे प्रतिपिंड तेवढे घ्यावेत, हा उपाय उघड आहे, आणि तो अमलातही आलेला आहे. २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मेंढीच्या प्रतिपिंडांपासूनचे एक प्रतिविष असेच शुद्ध केले जाते. त्याची किंमत मात्र आपल्या ग्रामीण रुग्णालयांस झेपणारी नाही. शिवाय या उपायात दोन धोके आहेत. बांधलेले विष सुटून औषधात उतरू शकते. आणि जे प्रतिपिंड विषास सर्वांत घट्ट धरतात तेच सर्वांत उत्तम. परंतु त्यांना सोडविण्यास तीव्र अम्ल वापरावे लागते, व त्यात ते बिघडतात किंवा स्तंभातच अडकून राहतात. म्हणजे शुद्धीकरणात सर्वांत मोलाचा अंशच हरपतो.

येथेच नियंत्रित बहुवारिकीकरणास स्वतःचे काम सापडावे असे आम्हांस वाटते. खरी अडचण धरण्याची नसून सोडण्याची आहे. बंधक किती अंतरावर असावा, एका प्रतिपिंडास तो एका ठिकाणी धरील की दोन, आणि तापमानात किंवा अम्लतेत सौम्य बदल होताच शृंखला आकसून तो आपली पकड सोडील काय, हे प्रश्न शृंखलेच्या रचनेवर अवलंबून आहेत आणि अनियंत्रित कलमात त्यांची उत्तरे मिळणे कठीण आहे. याउलट प्रचलित संशोधनाचा बहुतेक भर ग्रहणक्षमतेवर, म्हणजे नियंत्रणाची तितकी गरज नसलेल्या बाजूवरच, पडलेला दिसतो.

अर्थात विलगीकरणाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. रक्तद्रवात जे प्रतिपिंड नाहीतच ते कोणताही स्तंभ निर्माण करणार नाही. प्रदेशाप्रदेशातील विषभेदाचा प्रश्न घोडा टोचतानाच सोडवावा लागेल. तसेच तांब्याचा अंश उरणारी, किंवा कॉस्टिक सोड्याच्या धुण्यात एस्टर-बंध तुटून झडणारी शृंखला कितीही सुबक असली तरी औषधनिर्मितीस निरुपयोगी ठरेल. सिलिकेचा आधार तर अल्कलीत स्वतःच विरघळतो.

म्हणून या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी अवश्य नोंदवाव्यात: समान दाटीच्या अनियंत्रित कलमाशी तुलना, खऱ्या रक्तद्रवातील निष्कर्ष, आणि वारंवार अल्कलीने धुतल्यानंतरची स्थिती. यांखेरीज एक चौथी गोष्ट, जी सर्वांत महत्त्वाची आहे: स्तंभातून परत मिळालेल्या प्रथिनाचे वजन न देता त्या प्रथिनाने किती विष निष्प्रभ झाले ते द्यावे. बेल्ह्याच्या शेतातून रुग्णालयात आणलेल्या माणसास उपयोग होतो तो याच आकड्याचा.