एक देव आणि इतर देवता

बायबलाच्या जुन्या करारात एकेश्वरवाद आरंभापासूनच सिद्ध आहे, हे मत आम्हांस ग्राह्य वाटत नाही. दशाज्ञांत अन्य देवांची उपासना निषिद्ध आहे. त्यांचे अस्तित्व नाकारलेले नाही. ही भूमिका सोनाळ्यापासून रिद्धपुरापर्यंतच्या वऱ्हाडी वाचकास अगदीच अपरिचित नव्हे. तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या महानुभाव तत्त्वज्ञानातही देवता नित्य आहेत. परंतु त्यांची फळे नाशिवंत, मोक्षदाता परमेश्वर एकच.

इस्राएल त्यापुढे गेले. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले. त्यानंतरच्या यशयाच्या उत्तरभागात यहोवावाचून देवच नाही, असा निःसंदिग्ध निर्वाळा मिळतो. पराभवातून उपजलेली ही श्रद्धा इतिहासदृष्टीने पाहता उणी न ठरता थोरच ठरते, असे आम्हांस वाटते.