शून्य आणि ‘अजून कळले नाही’

केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण बीड जिल्ह्यातील शिक्षकांच्या परिचयाचे आहे. २०१६च्या उन्हाळ्यात ते आटले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात धरणसाठ्यापुढचे शून्य ही एक बातमी असते. म्हणूनच धरणसाठा दाखविणारे एक वेबपान विद्यार्थ्यांसमवेत उघडले, तेव्हा आम्ही दचकलो. भर पावसाळ्यात प्रत्येक धरणापुढे ० टक्के! काही सेकंदांनी खरे आकडे उमटले. पण तोवर एका मुलाने वहीत शून्य टिपूनही घेतले होते.

असे का घडते? अशा पानात दोन भाग असतात. माहिती साठविणारा भाग म्हणजे ‘मॉडेल’ आणि ती पडद्यावर मांडणारा ‘व्ह्यू’. मॉडेल ही शाळेची नोंदवही समजा, व्ह्यू हा फळा. नोंदवहीतील आकडे दूरच्या संगणकावरून मागवावे लागतात. जावास्क्रिप्ट मागणी पाठविते आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या ओळीकडे वळते. त्या ओळीत ‘आता फळा लिहा’ अशी आज्ञा असेल, तर कोऱ्या वहीवरूनच फळा लिहिला जातो. माहिती आल्यावर तो पुन्हा लिहावा लागतो.

२०१० साली आलेल्या बॅकबोन या लायब्ररीने यासाठी चांगली सोय केली होती. मॉडेल बदलले की ते ‘चेंज’ ही सूचना देते; व्ह्यूने ती ऐकून स्वतःला पुन्हा रेखाटावे. नवशिक्यांना सहसा एवढेच सांगितले जाते. आमचा आक्षेप येथेच आहे. समजा, मॉडेलमध्ये आरंभीचा आकडा ० ठेवला, पडद्यावर ‘माहिती येत आहे’ असे लिहिले आणि धरणाचा खरा साठाही ० निघाला. आता बदल काहीच झाला नाही. म्हणून ‘चेंज’ची सूचनाही निघत नाही. उत्तर येऊनही पडदा ‘माहिती येत आहे’ असेच म्हणत राहतो. म्हणजे दुष्काळात, जेव्हा शून्य सांगणे सर्वांत गरजेचे, नेमके तेव्हाच पान मुके होते!

२०१३ साली फेसबुकने खुल्या केलेल्या रिॲक्टमध्ये नोंद बदलली की संबंधित भाग आपोआप पुन्हा रेखाटला जातो. विसरभोळेपणाला त्यामुळे आळा बसला, हे मान्य करावयास हवे. परंतु आरंभी कोणता आकडा धरावा, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. शिवाय ‘साठा आहे का?’ असे ढोबळपणे विचारले, तर जावास्क्रिप्ट शून्यालाही ‘नाही’च मानते.

दोष साधनाचा कमी, विचाराचा अधिक आहे. शून्य हे मोजमाप आहे. धरणाच्या बाबतीत तर ० टक्के याचा अर्थ उपयुक्त साठा संपला एवढाच; तळाशी मृतसाठा असू शकतो. ‘अजून कळले नाही’ हे मोजमापच नव्हे. म्हणून आरंभीची जागा रिकामी ठेवावी. उत्तर पोचल्याची सूचना बॅकबोन ‘सिंक’ या नावाने वेगळी देते, अपयशाची ‘एरर’ या नावाने. त्या दोन्ही ऐकाव्यात. पडद्यावरही ‘येत आहे’, ‘आली’ आणि ‘मिळाली नाही’ या तीन अवस्था निराळ्या दिसाव्यात.

वर्गात हे संगणकाविनाही दाखविता येईल. परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलाच्या नावापुढे ० लिहून वर्गाची सरासरी काढायला सांगावी, मग ती जागा मोकळी सोडून पुन्हा काढायला सांगावी. दोन उत्तरांतील फरक पाहिला, की रिकाम्या जागेची किंमत मुलांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.