‘राहण्याजोगे’ म्हणजे काय? लव्ह कॅनॉलच्या पुनरुज्जीवनाची एक तपासणी



मागच्या खेपेला आपण नुकसानभरपाई या कल्पनेची चर्चा केली होती. आज तोच धागा पुढे नेऊ. जमीन विषारी झाली, माणसं उठून गेली, पुढे काय? यावर हल्ली एक ठरलेलं उत्तर दिलं जातं. जमीन साफ करा, गुंतवणूक आणा, वस्तीचं आर्थिक पुनरुज्जीवन करा. ऐकायला ते इतकं बरं वाटतं की त्यातले शब्द तपासायचे राहून जातात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द तपासण्याची खोड काही जात नाही. आपण एकच उदाहरण घेऊ, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरातलं लव्ह कॅनॉल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने तिथे वीजनिर्मितीसाठी कालवा खणायला घेतला. योजना बारगळली, खड्डा उरला. 1942 ते 1953 या काळात हूकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि 1953 मध्ये ती जागा शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात लिहिलं होतं की इथे रासायनिक कचरा आहे, आणि त्यापासून काही इजा झाली तर जबाबदारी कंपनीची नाही. तरीही तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. पुढे तळघरांत काळं पाणी झिरपू लागलं. लोकांनी आरडाओरडा केला. लोइस गिब्ज या तरुण गृहिणीने घरमालकांची संघटना बांधली. ऑगस्ट 1978 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि कालव्यालगतची कुटुंबं हलवली. मे 1980 मध्ये दुसरी आणीबाणी जाहीर झाली आणि आणखी शेकडो कुटुंबांना बाहेर पडता आलं. त्याच डिसेंबरमध्ये ‘सुपरफंड’ म्हणून ओळखला जाणारा कायदा आला. त्याचं तत्त्व सोपं, ज्याने घाण केली त्याने खर्च सोसावा.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. पुढची सहसा कोणी सांगत नाही.

1988 मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी या परिसराचा काही भाग ‘राहण्याजोगा’ ठरवला. 1990 पासून ‘लव्ह कॅनॉल क्षेत्र पुनरुज्जीवन’ असं नाव असलेल्या सरकारी संस्थेने फळ्या ठोकून बंद केलेली घरं दुरुस्त करून बाजारभावापेक्षा कमी किमतीत विकायला काढली. दोनशेहून अधिक घरं विकली गेली. वस्तीला नवं नाव मिळालं, ब्लॅक क्रीक व्हिलेज. 2004 मध्ये ही जागा केंद्र सरकारच्या सर्वांत दूषित स्थळांच्या यादीतून वगळली गेली. कागदावर पुनरुज्जीवन पूर्ण झालं. कचरा मात्र तिथेच आहे, बरं का. वर चिकणमातीचं आणि प्लास्टिकचं झाकण, भोवती कुंपण, आणि झिरपणारं पाणी गोळा करून शुद्ध करणारी यंत्रणा. ती यंत्रणा कायम चालूच ठेवावी लागते.

आता ‘राहण्याजोगे’ हा शब्द बघा. तो ठरवला कसा? पश्चिम न्यूयॉर्कमधल्याच, कचऱ्याच्या ज्ञात साठ्यापासून दूर असलेल्या वस्त्या निवडल्या आणि लव्ह कॅनॉलभोवतालचं प्रदूषण त्यांच्याशी ताडून पाहिलं. फार फरक नसेल तर जागा राहण्याजोगी. ‘सुरक्षित’ हा शब्द शास्त्रज्ञांनी जपून बाजूला ठेवला. त्यात अप्रामाणिकपणा काहीच नव्हता. किती विष म्हणजे धोका, हे कित्येक रसायनांबाबत ठाऊक नसेल तर तुलनेवाचून दुसरा मार्ग कोणता? पण तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असू. ‘त्याच्याइतका’ हे एक विधान, ‘पुरेसा’ हे दुसरं. पहिलं सिद्ध झालं म्हणून दुसरं सिद्ध होत नाही. वासरात लंगडी गाय शहाणी ठरते, पण तिचं लंगडणं काही थांबत नाही. घर विकत घेणाऱ्याने ‘राहण्याजोगे’ ऐकलं आणि ‘सुरक्षित’ समजलं. शास्त्रज्ञाच्या सावध शब्दाचा विक्रेत्याच्या हाती शिफारसपत्र म्हणून उपयोग झाला. पुढे 2012 पासून नव्या रहिवाशांनीही न्यायालयात दावे लावले. त्या दाव्यांचं खरंखोटं न्यायालय ठरवील. आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच की त्या शब्दावर विसंबलेल्यांनाच तो आता पुरेसा वाटत नाही.

दुसरी गोष्ट. कालव्याच्या शेजारी ग्रिफन मॅनर नावाची सरकारी भाडेकरू वसाहत होती. तिथले बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय. घरमालकांना सरकारने घराची किंमत दिली. भाडेकरूजवळ विकायला घरच नव्हतं. त्याच्या वाट्याला आली ती फार तर स्थलांतराची मदत. ती वसाहत पुढे पाडली गेली. हवा तीच, पाणी तेच, पण पुनरुज्जीवनाच्या हिशोबात मालक दिसतो आणि भाडेकरू दिसत नाही. का? कारण हिशोबाचं माप मालमत्तेचं आहे. जमिनीचा भाव परत आला म्हणजे वस्ती परत आली, असं ते माप म्हणतं. ‘पुनर्विकास’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलेला आहे, तेव्हा हे माप आपल्याला नवं नाही.

इथे कोणी म्हणेल, आणि त्याचं ऐकलंच पाहिजे, की मग काय जागा ओसाड ठेवायच्या? नायगारा फॉल्सची लोकसंख्या 1960 मध्ये लाखावर होती. आज ती निम्म्याहूनही कमी आहे. सुपरफंडच्या धाकाने कोणी जुन्या कारखान्याची जमीन घेईना, कारण विकत घेणाऱ्याच्याच गळ्यात सफाईचा खर्च पडायचा. म्हणून 2002 मध्ये ‘ब्राउनफिल्ड’ कायदा आला. आधी चौकशी करून जागा घेणाऱ्या निर्दोष खरेदीदाराला त्याने संरक्षण दिलं आणि सफाईसाठी अनुदानं ठेवली. हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. ओसाड जागा हीसुद्धा गरिबांवरचीच शिक्षा असते. श्रीमंत गाव सोडून जातो, गरीब तिथेच राहतो.

पण नव्या खरेदीदाराला मोकळं करणं वेगळं आणि जुनी जबाबदारी विसरणं वेगळं. 1953 चं खरेदीखत पुन्हा आठवा. त्यातही जबाबदारी एका वाक्यात पुढच्याकडे सरकवली होती. जमीन हातोहात जाते तेव्हा मालकीबरोबर माहितीही जाते की वाटेत गळते, यावर सगळं अवलंबून आहे. ब्लॅक क्रीक व्हिलेज या नावाबद्दल आमची तक्रार इतकीच आहे की ते गोड आहे आणि ते काहीच सांगत नाही.

हे सगळं आज कशाला? भोपाळच्या कारखान्यातला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला नेला आणि पुढल्या काही महिन्यांत जाळला. कारखान्याच्या आवारातली माती आणि भोवतालचं भूजल यांचा हिशोब त्या 337 टनांत धरलेला नव्हता. त्याच वर्षी केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. म्हणजे अशा जागा शोधणं, साफ करणं आणि पुढे वापरात आणणं, हा प्रवास आपल्याकडेही सुरू होतो आहे. तो व्हायलाच हवा. पण कोणी ‘जागा आता योग्य आहे’ असं म्हटलं की आपण नम्रपणे विचारायचं, कशाशी ताडून योग्य? जे आधी इथे राहत होते, त्यांतले किती परत आले? जे कधीच मालक नव्हते, त्यांचं काय झालं? आणि झाकणाखाली काय आहे हे पन्नास वर्षांनी इथे राहणाऱ्याला कोण सांगणार आहे?

या प्रश्नांना उत्तरं असतील तर खुशाल बांधा, खुशाल गुंतवणूक आणा. नसतील तर त्या व्यवहाराला जमिनीची विक्री म्हणा. पुनरुज्जीवन हा शब्द तेवढा राखून ठेवू या.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.