त्रिशंकू कोण?

अमेरिकेत, इंग्लंडात, कॅनडात जाऊन राहिलेल्या मराठी माणसाबद्दल लिहायचं झालं की आपल्या लेखक-समीक्षकांच्या खिशात एक शब्द तयार असतो. त्रिशंकू. ना इथला, ना तिथला. दिवाळी अंक उघडा, परिसंवादाला बसा, हा त्रिशंकू भेटतोच. मी भिवंडीत लूम चालवतो. धागा तुटला की लूम थांबवून तो कुठं तुटला ते आधी बघावं लागतं. म्हणून म्हटलं, हा शब्दही एकदा थांबवून बघावा.

आधी ह्या कथेचा साचा सांगतो. नावं घेत नाही, कारण एकाचं घेतलं तर बाकीचे सुटतील. विमानतळावर आई रडते. मग बर्फ पडतो. पहिली काही वर्षं देश परका, कोरडा, माणसं तोंडदेखली. मग नोकरी पक्की होते, घर होतं, मंडळाचा गणपती बसतो, मुलगी भरतनाट्यम शिकते आणि देश हळूहळू आवडायला लागतो. मग मुलगा गोरी सून आणतो आणि देश पुन्हा परका होतो. म्हातारपणी नायक पुण्याला परततो, तर वाड्याच्या जागी बिल्डिंग उभी. ओळखीचं कुणी नाही. परत विमान. झाला त्रिशंकू.

ह्यातलं रडणं खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. काही कथा चांगल्या उतरल्यात. परमुलखात आजारी पडलेल्या माणसाला आईच्या हातची कढी आठवते, ह्यात हसण्यासारखं काही नाही. माझं भांडण समीक्षकांशी आहे. एका आळीतल्या माणसांचं दुःख त्यांनी सगळ्या मराठी माणसांचं म्हणून खपवलं. देश सोडला की घर आठवणारच, हे त्यांनी गृहीत धरलं. अहो, पण आठवायला आधी घर घर असावं लागतं. गावकुसाबाहेर ज्याचा जन्म गेला, त्यानं काय आठवायचं? पाणवठा? देवळाची पायरी?

हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही, आमच्या कारखान्यात या. आमच्याकडे आझमगढ-मऊकडची माणसं आहेत, पद्मानगरात वरंगल-करीमनगरकडची तेलुगू माणसं आहेत. माझ्या शेजारच्या चार लूमवर दोघं एकाच जिल्ह्यातले. एक जण पाळी संपली की मुलूख काढतो. आंब्याचं झाड, तळं, छठ, भावजय. ऐकताना आपल्यालाही भरून येतं. दुसरा गप्प बिडी ओढतो. तो आपल्यासारखाच. एकदा विचारलं, भाई तुला नाही का मुलूख याद येत? म्हणाला, आता है, पर किसलिए याद करूँ. बारा तास खडखडाट, मीटरवर मजुरी, खोलीत आठ जण, तरी भिवंडी त्याला गोड लागते. कारण इथं तो लूमवाला आहे. गावात तो जो होता, तो इथं कुणी विचारत नाही. निदान पहिली दोन वर्षं विचारलं नव्हतं. पुढं त्याच्या गावचा एक जण त्याच खोलीत राहायला आला आणि विचारायला लागले. हा फरक ज्याला कळला नाही, त्यानं परदेशस्थ मराठी साहित्यावर लिहू नये.

आता तो त्रिशंकू. वाल्मीकीच्या रामायणातच, बालकांडात, त्याची गोष्ट आहे. सदेह स्वर्गात जायचं म्हणून राजा त्रिशंकू वसिष्ठाकडे गेला. वसिष्ठ नाही म्हणाला. तो वसिष्ठाच्या पोरांकडे गेला. तीही नाही म्हणाली. तेव्हा राजा बोलला, ठीक, मी दुसरा कोणी बघतो. एवढ्या बोलण्यावर पोरांनी शाप दिला : चांडाळ हो. एका रात्रीत त्याचा रंग बदलला, कपडे बदलले, अंगावर लोखंडाचे दागिने आले. प्रधान आणि नगरजन त्याला टाकून पळाले. विश्वामित्रानं यज्ञ मांडला तर वसिष्ठाच्या पोरांनी निरोप धाडला की यजमान चांडाळ आणि पुरोहित क्षत्रिय, तिथं देव हवी खातील कसे? आणि तो वर पोचला तेव्हा इंद्रानं त्याला डोकं खाली करून ढकलून दिला. तू गुरूच्या शापानं हत आहेस, इथं तुला जागा नाही.

म्हंजे त्रिशंकू लटकला तो दोन देशांच्या प्रेमात सापडून नव्हे. त्याला चांडाळ ठरवला म्हणून लटकला. वरच्या दारावर त्याची जात आधी पोचली होती. आपल्या पांढरपेशा कथाकारानं ह्या गोष्टीतलं लटकणं तेवढं उचललं आणि चांडाळ तिथंच टाकला.

ज्यानं हे खरोखर भोगलं, त्याचं लिखाण आपल्यापाशी आहे, पण परदेशस्थांच्या साहित्यात ते कुणी मोजत नाही. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. १९३५-३६च्या सुमाराला लिहिलेलं. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्याची पुस्तिका काढली आणि १९९३ साली ते शासनाच्या बाराव्या खंडात आलं. इंग्रजीत आहे. मी शब्दकोश घेऊन वाचलं, पहिल्यांदा दोन महिने लागले. आपण ते अस्पृश्यतेच्या आठवणी म्हणून वाचतो. मी म्हणतो, त्यातलं बडोद्याचं प्रकरण परदेशाहून परतलेल्या माणसाची कथा म्हणून वाचा.

१९१३ साली बाबासाहेब बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ला तिथून लंडन. १९१७ला परत, बडोद्याची नोकरी करायला. ते लिहितात की अमेरिका-युरोपातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पार पुसली गेली होती. आणि बडोदा स्टेशनावर उतरल्यावर प्रश्न पडला : राहायचं कुठं? इथं एक जागा आहे, ती समीक्षकांनी थांबून वाचावी. बडोद्यात त्यांचे ओळखीचे मित्र होते, अमेरिकेला शिकायला आलेले. त्यांच्याकडे जावं का? त्यांना वाटलं, हे आपल्याला घरात घेताना अवघडतील. ते गेलेच नाहीत. बास. अमेरिका ही अशी. तिथली मैत्री बडोद्याच्या स्टेशनापर्यंत आली आणि फाटकाबाहेर आली नाही.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. पारशी पथिकाश्रम, रजिस्टरात पारशी नाव, वरच्या मजल्यावर अडगळ, कंदील, वटवाघळं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले पारशी. मग दोन मित्रांची दारं, तीही बंद. मग कामाठी बाग, आणि रात्रीची गाडी.

आता मला सांगा, ह्या सबंध प्रकरणात अमेरिकेबद्दल एक तरी उसासा आहे का? तिथंच राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं एक वाक्य नाही. आपला नेहमीचा कथाकार असता तर वटवाघळांच्या खोलीत त्याला न्यूयॉर्कचे दिवे आठवले असते. बाबासाहेबांना तो देश घर म्हणून आठवत नाही, मोजपट्टी म्हणून लागतो. माणूस माणसाला किती जवळ बसू देतो, हे तिथं एकदा मोजून झालेलं. आता बडोदं त्यावर मोजलं जातं आणि कमी भरतं. परक्या देशाबद्दलची ही वेगळीच भावना आहे. मराठी समीक्षेत तिला नाव नाही.

आणि ही माया आंधळी नव्हती. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम. शिक्षकांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. १९३०च्या सुमाराला तिथल्या वर्तमानपत्राशी बोलताना ड्युई, सेलिगमन ह्यांची नावं त्यांनी आपल्या जवळच्यांत घेतली. पण त्याच देशानं काळ्या माणसाचं काय केलं त्याचा अभ्यास ते करत राहिले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइसला पत्र धाडलं की निग्रोंची दशा आणि अस्पृश्यांची दशा ह्यांत साम्य आहे, आणि संयुक्त राष्ट्रांकडे त्यांनी केलेला अर्ज वाचायला मागितला. १९५२ला कोलंबियानं मानाची पदवी दिली, ती घ्यायला गेले. प्रेम, हिशेब आणि संशय एका माणसात एका वेळी. पुढं १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही अमेरिकेतूनच, पण व्हाईट हाऊसच्या दारातून नव्हे.

बाईचंही तेच असणार. पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९चं. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेली विधवा, तिला पुण्याच्या वाड्याची कसली हुरहुर? ती तो देश भरभरून बघते आणि तिथल्या काळ्यांच्या, मूळ रहिवाशांच्या छळाबद्दल सुनावतेही. ह्यावर कुणी बाईनंच लिहावं.

मग वरच्या जातीचा माणूस तिथं काय घेऊन गेला? १९२३चा एक खटला आहे. भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होता. गोरा ठरला तरच त्याला नागरिकत्व मिळायचं, म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूनं मांडलं गेलं की आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, आणि अमेरिकन गोरा निग्रोशी लग्नाला जसा नाक मुरडतो तसेच आम्हीही आमच्याकडच्या खालच्या मूळ रहिवाशांशी मुरडतो. त्याच्या वकिलांपैकी एक सखाराम गणेश पंडित. कोर्टानं हे मानलं नाही, आणि ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचं काढून घ्यायला सुरुवात झाली. पंडितांचंही काढायला निघाले. ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले. बाबासाहेब तिथून निघाले त्याला तेव्हा सातच वर्षं झाली होती. एकाच देशात एक माणूस जात विसरतो आणि दुसरा माणूस तीच जात कोर्टात पुरावा म्हणून ठेवतो. ह्या दोघांना एका ‘स्थलांतरितांच्या जाणिवे’त कोंबणारी समीक्षा काय कामाची?

१९६५च्या कायद्यानं अमेरिकेचं दार शिकलेल्यांना उघडलं, १९८१ला तिथल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. आपली माणसं उशिरा पोचली. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’त (१९९३) ओझरहून निघालेल्या बापाची वाट पोरापर्यंत येता येता अमेरिकेच्या विद्यापीठाला लागते. इंग्रजी आवृत्तीच्या शेवटी नातीचं मनोगत आहे, की तिथं मी फक्त मी आहे, माझ्यावर जन्माचा शिक्का नाही. तिचं खरं आहे. गोऱ्याला आडनाव वाचता येत नाही. पण आपल्या माणसाला येतं. २०२० साली कॅलिफोर्निया सरकारनं सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा की एका दलित इंजिनिअरची जात त्याच्या वरिष्ठानं सहकाऱ्यांत फोडली, हा राखीव जागेतून आला म्हणून. वरिष्ठ त्याच आयआयटीतला. दोन अधिकाऱ्यांवरचा दावा २०२३ला मागे घेतला गेला, त्यामुळे खरंखोटं मी ठरवत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदाला बंदी केली, आणि ७ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसलंच विधेयक नामंजूर केलं. बरोबर सात दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मेरीलँडमध्ये अ‍ॅकोकीकला राम सुतारांनी घडवलेला बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा उभा राहिला. एका आठवड्यात दोन अमेरिका. ह्यावर मराठीत कथा कुठं आहे?

कथा इंग्रजीत आहे. सुजाता गिड्लाचं ‘अँट्स अमंग एलिफंट्स’, २०१७. काझीपेटला जन्मलेली, वरंगलला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली, पुढं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर. आपल्या घरच्या गोष्टी लाजेच्या नाहीत, सांगण्यासारख्या आहेत, हे तिला अमेरिकेत गेल्यावर उमगलं. परका देश तिथं आरसा होतो. नांदेडच्या सूरज एंगडेनंही २०१९ला ‘कास्ट मॅटर्स’ इंग्रजीतच लिहिलं. मला ह्याचा राग येतो आणि कारणही कळतं. मराठीत लिहिलं की मराठी वाचणारे वाचतात. म्हंजे वस्तीही वाचते आणि मंडळही वाचतं.

आमच्या गल्लीतला एक जण शासनाच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला. पहिल्या वर्षी त्याचे फोन म्हंजे सण. इथं कुणी विचारत नाय रे. म्हातारी घरमालकीण ह्याच्या हातचा चहा पिते. थंडीबिंडी काही नाही, थंडी त्याला आवडली. दुसऱ्या वर्षी ऑफिसात एक मराठी माणूस भेटला, गणपतीला बोलावलं. जेवताना आडनाव झालं, मग गाव झालं, मग गावात कुठं झालं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. आता फोनवर तो इंग्लंडबद्दल वेगळं बोलतो. हा देश माझा होता, म्हणतो, ह्यांनी येऊन त्याला आपलं गाव केला. देश तोच, म्हातारी तीच, चहा तोच. बदललं ते एवढंच. साच्यातल्या नायकाला जो मंडळाचा गणपती देश आवडायला लावतो, त्याच गणपतीत ह्याचा देश हातचा गेला.

त्याला म्हटलं, हेच लिही, जसं बोलतोस तसं, ह्या अंकाला चार पानं दे. स्टेन्सिल मी कापतो. तो म्हणाला, तिकडचे वाचतील. म्हटलं, टोपणनाव घाल. तर म्हणाला, बाबासाहेबांनीही रजिस्टरात दुसरं नाव लिहिलं होतं, अकरा दिवस टिकलं. मग चार्जिंग संपलं म्हणून फोन ठेवला. त्याला दीड महिना झाला.